गुंडीची तहान

नळ येतो अकराव्या दिवशी, कधी बाराव्या.
दोन निळे ड्रम, पाच घागरी, एक पिंप.
एवढ्यात घर बसवायचं,
पाऊण मीटरात अस्तराचा ब्लाउज बसवते तसं.

आणि गुंडी प्यायला लागली.
उजाडायला एक पातेलं, मशीन सुरू व्हायच्या आत दुसरं,
दुपारी मोरीतल्या बादलीत तोंड.
रात्री ड्रमची गळती चाटायची
आणि दारात, बसल्या जागी, ओलं करून
मान खाली घालायची.
अकरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

"म्हातारी झाली," मन्मथराव म्हणाले,
"कशाला दवाखाना?"

मी टेप लावला. पोट सव्वीस इंच.
मागच्या थंडीत झूल शिवली तेव्हा बावीस होतं,
वहीत आहे, गिऱ्हाइकांच्या मापांतच.
दोन्ही कुशींचे केस गेलेले, सारखे,
कुणी खडूनं आखून कापावेत तसे.
कातडी जुन्या मलमलीची, खालच्या शिरा दिसणारी.

दवाखान्यात देवणी बैलांची रांग.
मधे मी, पोत्यावर कुत्रं घेऊन.
एकजण हसला, "ऑटोनं आणलं व्हय हिला?"
हाश्मी डॉक्टरीण हसली नाही.
"दिवसाला पाणी किती पिते? मोजून सांगता येईल?"
मी म्हणलं, बाई, आमच्या घरी पाणी मोजलेलंच असतं.
चार लिटर. वर दोन तांबे.

रक्त काढलं, सुई टोचली,
तासाभरानं पुन्हा रक्त काढलं.
निकाल आला तेव्हा तिनं कागदावर मूत्रपिंड काढलं,
त्याच्या डोक्यावर हरभऱ्याएवढी टोपी.
"इथून एक रस सुटतो. भ्यालो, दमलो की जास्त.
एरवी थोडाच.
हिचा नळ चालूच राहिलाय."

मी कागदाकडं बघत राहिले.
अख्ख्या गल्लीत थेंब नाही
आणि हिच्या अंगात चोवीस तास.

कॅप्सूल हैदराबादहून येते.
तीसची किंमत चौदा साधे ब्लाउज; अस्तराचे नऊ.
रोज सकाळी, खाण्याबरोबर, न फोडता.
आणि अंबिकेनं हात लावायचा नाही,
सुनेला सातवा महिना,
पोटातल्याला ते औषध चालत नाही.
म्हणून मीच.
ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा, आत कॅप्सूल,
कड दुमडून दाबायची.
गुंडी पापुद्रा खाते
आणि कधी कधी कॅप्सूल तेवढी
मशीनच्या पायट्याशी आणून ठेवते, ओली, अख्खी.

नवव्या दिवशी उठलीच नाही.
भाकरी बघून तोंड फिरवलं, पिवळं ओकली.
फोनवर डॉक्टरीण, "आजची दिली?"
नाही.
"देऊ नका. लगेच आणा.
नळ सगळाच बंद झाला तर तेही वाईट."
मन्मथरावांनी न बोलता तिला गोधडीत उचललं.
सलाईन संपेस्तोवर
देवणी बैलांकडं पाठ करून
तिचा कान चिमटीत धरून बसले होते.

आता निम्म्या ताकदीची कॅप्सूल आहे.
वहीत रकाना पाडलाय:
साडेतीन लिटर. तीन. तीन. पावणेदोन.
मधेच एकदा चार, त्या दिवशी गोळी
कपाटाखाली सापडली.
पोट पंचवीस. अर्धा इंच सैल धरलाय.

काल दिवेलागणीला पातेल्यात पाणी उरलं.
चार बोटं. वर निळ्या दोऱ्याचा एक तुकडा.
फेकायला उचललं
आणि तशीच उभी राहिले.
अंबिका आतून, "काय झालं आई?"
काही नाही, म्हणलं. उरलंय.

उद्या पुन्हा रक्त तपासायचंय,
गोळीनंतर चार तासांनी, बरोबर वेळेवर.
नळाचाही उद्या अकरावा दिवस.
अंबिकेला घागर उचलू द्यायची नाही.
ऑटोत गुंडीजवळ कोण बसणार
आणि ड्रमजवळ कोण,
ते अजून ठरायचंय.