पान दोनशे अकरा

मी सभागृहात बोलत नाही. मला ऐकण्याचा पगार मिळतो.
वीस वर्षं कानावर हेडफोन, बोटांखाली कळा,
आणि जे शब्दांत मावत नाही त्यासाठी कंस:
(हशा). (गोंधळ). (बाके वाजवतात).
शांततेला कंस नाही. ती आम्ही लिहीत नाही.

त्या रात्री आक्रावर हरमटानची धूळ उतरली होती,
खिडक्या बंद, तरी दातांत कचकच.
साडेदहाला राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून खोकी आली,
चौदा खोकी, बाहेर गाडीचं इंजिन चालूच.
खाडीकाठची मिठागरं साठ वर्षांच्या पट्ट्यानं.
पानं तीनशे चाळीस. मंजुरी आज. आत्ता.
मंत्री म्हणाले, कंपनीच्या लोकांचं विमान पहाटे आहे.

माझी आई असल्याच एका खाडीत वाकून मीठ ओढायची.
हे नोंदीत नाही.
नोंद घेणारीला आई नसते.

आमच्या आवारभिंतीवर दिवसा लाल डोक्याचे सरडे बसतात
आणि उन्हात माना हलवतात: हो, हो, हो.
पाहुणे त्यांचे फोटो काढतात, मग प्रेक्षागॅलरीत येऊन
तेच पुन्हा बघतात.
(हे मी नाही, फाटकावरचा क्वामेना म्हणतो.)
सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
आमचं कुंपण कुठे आहे, ते मात्र राष्ट्राध्यक्ष ठरवतात.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."
होय आला, जेवायची घाई असलेला, जाडजूड.
आणि तेवढ्यात वुम्पिनी उभा राहिला.
उत्तरेकडचा, सरकारपक्षाचाच, मागच्या बाकावरचा,
तीन वर्षांत माझ्या नोंदीत त्याच्या साडेचार ओळी.
म्हणाला, अध्यक्ष महोदय, माझ्या प्रतीत
दोनशे दहानंतर एकदम दोनशे बारा आहे.

(हशा).

तुम्ही बाकीची सगळी वाचलीत? मंत्र्यांनी विचारलं.
(मोठा हशा).
नाही, तो म्हणाला. मी फक्त मोजली.

मग पानं उलटण्याचा आवाज.
हेडफोनमध्ये तो पावसासारखा नाही,
चुलीत वाळकी पानं सारावीत तसा ऐकू येतो.
कुणाच्याच प्रतीत दोनशे अकरा नव्हतं.
छपाईची चूक, मंत्री म्हणाले; वुम्पिनी म्हणाला, मग मतविभागणी.
दारं लावली, डोकी मोजली,
आणि मोजताना कळलं की निम्मी डोकी
केव्हाच घरी जाऊन उशीवर टेकली आहेत.
गणसंख्या नाही. सभा मंगळवारपर्यंत तहकूब.
विमान पहाटे गेलं.

आता लोक विचारतात, तुमचं सभागृह त्यांना आवरतं का?
मी काय सांगू? चार दिवस आवरलं.
मंगळवारी सगळी डोकी हजर होती, काही तर इस्त्री करून आल्यासारखी.
पान दोनशे अकरा आलं, अजून गरम.
त्यावर एकच कलम: ही मुदत राष्ट्राध्यक्ष
सभागृहाला न विचारता वाढवू शकतील.
ते मोठ्यानं वाचावं लागलं.
वाचताना मंत्र्यांचा आवाज दोनदा बसला. त्यालाही कंस नाही.
कलम गळलं. बाकी करार मंजूर झाला.
साठ वर्षं साठच राहिली,
आणि वुम्पिनीची समिती गेली, गाडी गेली,
बाक आणखी मागे, खांबाआड.

मसुदा दुरुस्त करायला सदस्य माझ्याकडे येतात,
"चोर" काढा म्हणतात, "माननीय" घाला म्हणतात.
तो आला तेव्हा मीच विचारलं: हशा काढू का?
नको, म्हणाला. राहू दे, कोण हसलं ते कळलं नाही तरी.
फक्त माझ्या नावात तुम्ही प आधी घातलाय.
मी नाव नीट केलं.
खिडकीच्या चौकटीवर बोटभर धूळ होती. तो त्यात
काहीतरी आकडा काढत थोडा वेळ उभा राहिला,
मग रुमालानं पुसून गेला.