लाल रबरबँड

बर्मिंगहॅमला समुद्र नाही,
तरी इथल्या चांदीवर नांगर उमटवतात.
जहाजाचा; शेतातला नव्हे.
शेतंही जवळपास नाहीत म्हणा.
भिंगाखाली दाखवला
की गिऱ्हाईक हमखास विचारतं, का?
आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देते.

मर्ल गिटन्सबाईंनी विचारलं नाही.
नोव्हेंबरातल्या मंगळवारी आल्या,
ओली छत्री दाराशी टेकवून म्हणाल्या,
"साखळी हवी. माझ्यासाठीच."
त्या 'च'वर एवढा जोर,
जसं आत कुणी वाद घालत होतं.

मी मखमलीवर मांडत गेले.
ही सापाच्या पाठीसारखी, देखणी,
पण एकदा मुडपली की कायमची.
हा गोफ; पीळ छान, केसांत अडकतो.
त्यांनी एकेक तळहातावर ओतून पाहिली,
अंघोळीचं पाणी बघावं तशी.
निवडली अठरा इंची, साध्या गोल कड्यांची,
कारण तिचा फासा
सुजल्या सांध्यांच्या बोटांनाही उघडत होता
आणि मागून लावून द्यायला घरात आता कुणी नव्हतं.
हे त्या बोलल्या नाहीत.
दोनदा उघडून पाहिलं फक्त.

"नऊशे पंचवीस म्हणजे?"
हजारात तेवढी चांदी. बाकी तांबं.
"मग सगळी चांदीच का नाही?"
नुसती चांदी फार मऊ, बाई,
रोजच्या ओढाताणीत टिकत नाही.
त्या हसल्या.
"क्लेमंटला हे सांगायला हवं होतं.
त्याचं तांबं मी होते."

जाताना मी नेहमीचं सांगितलं:
अत्तर आधी, साखळी नंतर.
पोहायला जाताना काढून ठेवा.
टूथपेस्टने घासू नका, कुणी काहीही सांगो.
कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ फडकं.

मार्चमध्ये परत आल्या.
पाकिटातून निघाली ती साखळी काळी,
किटलीच्या बुडासारखी.
आवाज खाली आणून
(फसवलं गेल्याची लाज
गिऱ्हाइकालाच का वाटते कोण जाणे)
म्हणाल्या, "नांगर खोटा होता का?"

भिंग लावलं. नांगर होता, सिंह होता.
कुठे ठेवली होतीत?
"खणात. जपूनच."
घातली नाहीत?
"घालून जाऊ कुठे?"
खणात आणखी काय असतं?

त्यांनी वेळ घेतला.
क्लेमंट एकतीस वर्षं टपाल वाटत होता,
हँड्सवर्थच्या चढांवर.
पत्रांच्या गठ्ठ्यांचे लाल रबरबँड
रोज त्याच्या खिशातून घरी यायचे
आणि त्या खणात पडायचे.
हजारभर तरी असतील. एकही फेकवत नाही.
साखळी त्यांच्यावरच ठेवली होती,
गादीवर ठेवावी तशी.

रबरात गंधक असतं, मी म्हटलं.
चांदीला ते सोसत नाही.

बराच वेळ शांत.
मग एकदम खांदे हलायला लागले,
मला वाटलं रडतायत,
तर हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर:
"मेला तरी हेवा सुटला नाही मेल्याचा!"

वाडग्यात ॲल्युमिनियमचा कागद, सोडा, उकळतं पाणी.
सडक्या अंड्याचा वास दुकानभर पसरला,
आणि काळेपणा साखळी सोडून
हळूहळू कागदावर उतरला.
पुसून हातात दिली. म्हटलं,
घालत जा. अंगावरची चांदी
खणातल्या चांदीइतकी रुसत नाही.

त्यांनी तिथेच घातली, आरशाशिवाय.
फासा तिसऱ्या खेपेला लागला.
मी मदतीला हात पुढे केला नाही,
त्याचा अजून अभिमान वाटतो.

काचेतून पाहत राहिले.
बसथांब्यापाशी त्या वाकल्या,
फुटपाथवरचं काहीतरी लाल उचललं,
क्षणभर विचार केला,
आणि डाव्या मनगटात चढवलं,
साखळीपासून
जितकं लांब ठेवता येईल तितकं.