क्षितिज सरळ ठेव

माझं काम एवढंच: कॅमेरा धरायचा.
"क्षितिज सरळ ठेव," रांगनहिल्ड म्हणते,
आणि मी मनगट केसभर वळवते.
फुगवलेल्या पोटात
तुर्लाइफचं यकृत पडद्यावर येतं,
ओलं, तपकिरी, श्वासागणिक सरकणारं,
नांगरावर हलणाऱ्या होडीसारखं.

बाहेर ट्रोम्सो. जानेवारीची सुरुवात. सकाळचे दहा,
अजून उजाडलेलं नाही. उजाडणारही नाही.

काल वॉर्डात
त्याला त्याचंच यकृत दाखवलं होतं आम्ही,
एमआरआयवरून उभं केलेलं: निळ्या शिरा, लाल धमन्या,
आणि आत, उजव्या शिरेला खेटून,
वाटाण्याएवढा पिवळा ठिपका.
चष्मा कपाळावर सारून तो बघत राहिला.
पन्नास वर्षं कॉड चिरले त्यानं,
काळजं पिंपात, आतडी समुद्रपक्ष्यांना.
"आमच्या खाडीच्या नकाशात," तो म्हणाला,
"एक खडक पंधरा मीटर चुकीच्या जागी आहे.
सगळ्यांना ठाऊक आहे. बदलत कोणी नाही."
मग अल्ट्रासाउंडचं यंत्र बघून जरा खुलला:
"हे तर माझ्या होडीवर आहे की!
गेन कमी ठेव, पोरी,
नाहीतर सगळा समुद्रच मासा दिसतो."
उन्नी, त्याची लेक, हसली.
मग हसता हसता थांबली.

आता तो नकाशा पडद्याच्या कोपऱ्यात आहे
आणि जुळत नाही.
वायूनं यकृत चपटलंय, कुशीवर घेतल्यानं कललंय,
पिवळा ठिपका बोटभर बाहेर,
नुसत्या हवेत.
शिरेतून सोडलेल्या औषधाचा हिरवा उजेड
वरवरच पसरतो, खोल जात नाही.
केमोनं गाठ इतकी आकसलीय
की हातालाही लागली नसती,
आणि हात तर आत नाहीच.

बोटाएवढ्या छिद्रातून प्रोब उतरतो.
राखाडी. राखाडी. शिरेची काळी वाट. राखाडी.
रांगनहिल्ड पुन्हा मागे येते.
घड्याळाकडे कोणी बघत नाही,
म्हणजे सगळेच बघतात.

"गेन कमी करून बघायचा?"
हे मीच बोलले, ते आवाजावरून कळलं मला.

राखाडी विझत गेलं.
शिरेला टेकून एक डाग
तेवढा विझला नाही.

दोन तास. मग पिशवीत बांधून
बेंबीखालून निघाला तो काळजाचा तुकडा.
दुसरा बाहेर बाकावर होता,
कोटसुद्धा न काढता बसलेला.

संध्याकाळी तुर्लाइफनं डोळे उघडले.
दुखतंय का विचारलं, तर म्हणाला,
"किती खोलीवर होता?"
"तीन सेंटिमीटर."
"उथळच की,"
आणि झोपला.

परतताना बसच्या खिडकीत
डोंगरांची कड तिरकी सरकत होती.
रिकाम्या हाताचं मनगट
आपोआप वळलं.