पंधरा टक्के

रुवीत टपाल दारावर येत नाही.
टपाल कचेरीत पेटी असते, पेटीला क्रमांक,
आणि माझ्या पेटीत अजून गवाणकरांची पत्रं पडतात,
जे मार्चमध्ये व्हिसा संपवून गेले
आणि ज्यांच्या खोलीत, ज्यांच्याच कॉटवर मी झोपतो.

बँकेतली खुर्चीही त्यांचीच.
तळघरात, स्वेटर घालावा अशा गारठ्यात,
पाटाएवढी एक लोखंडी पेटी आहे.
तिच्या पोटात चिप, चिपमध्ये किल्ल्या.
किल्ली बाहेर येत नाही. साहेबांसाठीसुद्धा नाही.
कागद आत सरकवायचा, ती आतूनच सही करून देते,
सोवळ्यातल्या बाईसारखी:
शिवू नका, काय हवं ते लांबून सांगा.

बाहेर असतो तो फक्त पत्ता.
झुवैनानं मला त्याची रीत शिकवली, पहिल्या आठवड्यात,
काहव्याच्या तिसऱ्या पेल्यावर:
टोकनचं नाव, अर्धविराम, किल्लीचं नाव, अर्धविराम,
खाजगी की जाहीर.
क्रम मागेपुढे झाला तरी चालतं.
खाचेचा नंबर लिहू नकोस; यंत्र बंद करून पुन्हा लावलं
की खाचा बदलतात
(आमच्या बिल्डिंगीतले बेडस्पेसवाले आठवले मला).
पिन तर मुळीच लिहू नकोस.
पिन कुठे ठेवलाय, तेवढं लिही.
आणि काहीच लिहिलं नाहीस,
नुसती सुरुवात आणि पुढे दोन टिंबं,
तर पेटीतली प्रत्येक किल्ली ओ देईल.

जुनी पेटी मोडीत काढायची ठरली
तेव्हा एक पत्ता निघाला, टक्क्यांनी भरलेला.
टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का बी पाच,
असं लांबच लांब.
झुवैनाला वाटलं, बिघाड.
मी कागदावर एकेक सोडवत गेलो.
तीन बाइटांचा व निघाला, तीनची मात्रा,
मग टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का बी तीन,
आणि माझा हात थांबला. ळ.
वेळास.
आपल्याला अक्षरं तीन, यंत्राच्या हिशेबी पाच,
पत्त्यात पंधरा टक्के.

म्हणजे काय, तिनं विचारलं.
गाव आहे, म्हटलं. किनाऱ्यावर कासवं येतात अंडी घालायला.
मग आमचं रास अल जिन्झच की, ती म्हणाली
आणि स्क्रीनकडे जरा वेगळं बघितलं.

साहेब म्हणाले, नव्या पेटीत साध्या रोमनमध्ये लिहा,
काय फरक पडतो.
मी मुळ्ये. पासपोर्टात माझा ळ केव्हाच सपाट झालाय,
इथं सगळे मला मुल्ये म्हणतात, मीही ओ देतो.
म्हटलं, साहेब, चाळीस प्रोग्रॅम हाच पत्ता विचारत येतात,
उगाच कशाला हात लावा.
ते खरं होतं.
तेवढंच खरं नव्हतं.

जुनी किल्ली जुन्या चिपमध्येच संपवली.
ती कशी दिसायची, कुणालाच माहीत नाही, गवाणकरांनाही नाही.
दोन सह्या, एक साक्षीदार,
मग ड्रिलचा आवाज, आणि फरशीवर चिमूटभर चुरा.
नवी किल्ली त्याच नावानं जन्मली.
रात्री दोनला पहिला प्रोग्रॅम आला,
वेळास म्हणून हाक मारली,
आतून सही आली. त्याला काही कळलं नाही.

गुरुवारी गवाणकरांची पत्रं एका पाकिटात भरली,
वर देवनागरीत लिहिलं, खाली इंग्रजीत:
मु. पो. वेळास, ता. मंडणगड, जि. रत्नागिरी.
काउंटरवरच्या पोरानं पाकीट फिरवून पाहिलं.
पिन?
मला पाठ नव्हता.
खोलीवर आहे, म्हटलं,
कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं,
त्यांनीच चिकटवून ठेवलाय.