एकास एक

शिरोलीच्या फौंड्र्यांना मी लाकडाचे नमुने करून देतो.
पंपाची बॉडी, गिअरचं घर, उसाच्या चरकाचा दात.
बत्तीस वर्षं, उद्यमनगरात, गाळा नंबर नऊ.
त्यामुळं मगदूम मॅडमनी टेबलावर
माझ्या पोरीचा कणा ठेवला तेव्हा
आधी हात गेला, डोळे नंतर भरले.

पांढरा होता, खडूसारखा.
बोटाला थरांच्या बारीक रेघा लागत होत्या.
मनातल्या मनात मी फिनिशिंगला नावं ठेवली.
एवढ्या रेघा ठेवून माल दिला तर
शिरोलीवाले माघारी धाडतील.

मग वळण दिसलं.
एक्स-रेत ते नुसतं वाकडं होतं.
हातात घेतल्यावर कळलं, पिळलंय.
धुण्याचा पिळा अर्धा सोडून
कुणीतरी उठून जावं, तसं.
आणि चार वर्षं मी म्हणत आलो,
ईश्वरे, सरळ बस.

"यात आटणी किती धरलीय?"
मॅडमना कळेना.
म्हटलं, ओतीव निवताना आटतं,
म्हणून आम्ही नमुना नखभर थोरला ठेवतो.
"काहीच नाही," त्या म्हणाल्या, "एकास एक.
ती जेवढी, तेवढाच हा."

जन्मभर माझ्याकडं नमुना आधी, वस्तू मागनं.
इथं वस्तू घरी पालथी पडून
भूगोलाची वही पुरी करत होती.

मॅडमनी ड्रिल घेतलं.
एकेक मणका, दोन्ही अंगांनी भोकं.
आवाज ओळखीचा, म्हणून बसू शकलो.
सातव्याच्या डाव्या अंगाला हाड काडीएवढं.
तिथं कट् झालं
आणि भिंत आत फुटली, मधल्या नळीत.

बॅटरी धरून त्यांनी वाकून बघितलं.
मज्जारज्जू इथनं जातो, म्हणाल्या.
यात तो नव्हता. नुसती पोकळी.
पोकळी मला कळते.
लोखंड आपलं आपण जागा भरतं,
जपायची असते ती पोकळीच.
कोअर केसभर सरकला
की सगळा माल भंगारात.

"बरं झालं, इथं फुटलं,"
आणि कागदावर सातव्यापुढं फुली.
तिथं स्क्रू नाही.
लिफ्टपाशी कुणी नव्हतं तेव्हा
मी त्या फुलीला हात जोडले.

आठ तास.
नमुनाही आत होता, पिशवीत गुंडाळून.
बाहेर मी बाकड्याची लाकडं मोजली.
बाभळीचं होतं, रंधा नीट मारलेला नव्हता.
मग दार किलकिलं झालं,
"पाय हलवतेय."

दिवाळीत तिला चौकटीला उभी केली,
गुण्या लावून पेन्सिलीची रेघ ओढली.
जुन्या रेघेच्या सव्वादोन इंच वर.
"बाबा, टाचा टेकल्यात बघा," ती म्हणाली,
मी विचारलं नव्हतं तरी.

नमुना परत मिळालाय, भोकांसकट.
आता तो कुणाच्याच मापाचा नाही.
फळीवर आहे, चरकाच्या दाताशेजारी.

काम संपलेले नमुने आमच्यात बंबात जातात.
परवा बायको म्हणाली, हे कशाला जपून ठेवलंय?
म्हटलं, प्लास्टिक आहे,
नीट जळायचं नाही.
वास येईल.