सी-सात

उलव्याच्या साइटवर
सी-सातचं शटरिंग उघडलं
तेव्हा मी पाठ फिरवून
पाण्याच्या टँकरचा नंबर वाचत होते.
दोनदा वाचला.

"मॅडम, हनीकोंब आलंय," सोमला म्हणाला,
पाहुणे आलेत म्हणावं तसं.

व्हायब्रेटर खालपर्यंत पोचला नव्हता.
खडी उघडी पडली होती, मधला माल निसटला होता,
गुडघ्याच्या उंचीवर हातभर जागा
नुसती भोकं,
एकाच्या काठाला दुसरं चिकटलेलं,
जणू आत काहीतरी आहे
आणि सगळ्यांतून एकदम बघतंय.

मला उंचीचं भय नाही.
सोळाव्या मजल्यावर, कठडा नसलेल्या स्लॅबवर
पाय खाली सोडून डबा खाल्लाय.
विंचू मारलाय चपलेनं.
पण तव्यावरचं घावण जाळीदार सुटलं
की आई खूश व्हायची
आणि मी ताटावर रुमाल टाकायचे.
फुलवाल्याकडचं कमळाचं वाळकं बोंड.
ओहोटीला खाडीचा चिखल,
जिथवर नजर जाईल तिथवर खेकड्यांची बिळं.
बस पुलावर चढली की मी डोळे मिटून घेते,
शेजारच्या बाईला वाटतं, झोपली बिचारी.

वाशीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
डोळा तुमच्याहून फार जुना असतो.
नागाचे ठिपके, नासलेलं मांस, अंगभर उठलेल्या पुळ्या,
यांत फरक करत बसायला त्याला वेळ नव्हता.
जे आधी शहारून मागे सरले
ते उरले.
मग पेन खाली ठेवून म्हणाल्या,
अर्थात, असं काही जण म्हणतात.
नक्की कुणालाच माहीत नाही.
मी फी दिली.

बारकीआत्याचं सांगितलं नाही.

तिला लहानपणी देवी आल्या होत्या.
उरणहून यायची, टोपलीत चिंबोऱ्या घेऊन,
आणि वाकून गाल पुढे करायची.
मी पाच वर्षांची.
आईच्या पदरात तोंड खुपसून किंचाळले,
"भोकं!"
घर हसलं.
आत्या सगळ्यांच्या आधी हसली.
पुढच्या खेपेपासून टोपली ओटीवर ठेवून
तिथूनच हाक मारायची.
ताईच्या लग्नात फोटोवाल्याला म्हणाली,
मी आपली मागं उभी राहते.

इतका जुना डोळा,
आणि त्याला माणूस ओळखता येऊ नये?

"दोन पेरं," सोमला म्हणाला.
त्यानं एका भोकात बोट घातलं होतं.
"सळई लागत नाय. छिन्नीनं सैल काढतो, धुतो, भरून टाकू.
तुम्ही फोटो घ्या फक्त."

सही माझी लागणार होती.
मी वळले.

हातावर काटा आला.
मनगटापासून कोपरापर्यंत
बारीक, दाट, एकाला लागून एक.
ज्याला भ्यायची
तीच नक्षी माझी कातडी अंगावर काढत होती,
न विचारता, हुबेहूब.

मग तोच हात खांबाला लावला.
गार होता. खरखरीत.
आतून कुणी बघत नव्हतं.
आत्याचा गाल असा लागला असता का,
मला ठाऊक नाही.
ऊन असायचं तिच्या अंगाला, एवढं आठवतं,
आणि खाऱ्या पाण्याचा वास.

पट्टी धरली. फोटो काढला, हलला, पुन्हा काढला.
लिहिलं: सी-सात, खोली चाळीस मिलिमीटर,
ग्राउट करावे.

टँकरचा नंबर
अजून पाठ आहे.