किल्ल्यांचा डबा

बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात
एकोणीस किल्ल्या आहेत माझ्याकडे,
प्रत्येकीच्या गळ्यात कागदाचा ताईत.
नंबर चार: मिसेस सटक्लिफ. इन्सुलिन फ्रिजच्या दारात.
ऐकू कमी येतं, वाजवत बसू नका, सरळ आत जा.
नंबर नऊ: ऑक्सिजनचं यंत्र. वीज गेली तर आधी इथे.
नंबर अकरा: पोपट. चावतो.

महिन्यातल्या एका सोमवारी, टॉडमॉर्डनच्या चर्चमागच्या हॉलमध्ये,
आम्ही कागदावर पूर आणतो.
काउन्सिलचा ओवेन घड्याळ लावतो, म्हणतो,
"कॅल्डर कमानीला टेकली. दहा मिनिटं. बोला."
आम्ही बोलतो, एकमेकांचं तोडत.
वाळूच्या पिशव्या शेडमध्ये, पण शेडची किल्ली?
शकूर म्हणतो, व्हॅन माझी, डिझेलचं तुम्ही बघा.
पहिल्या वर्षी आम्ही अख्खी गल्ली बुडवली
आणि मग चहा प्यायलो.

मी सांगलीची.
पाणी चढायला लागलं की आई
आधी कृष्णामाईची ओटी भरायची,
खण, नारळ, हळदकुंकू,
आणि लगेच पदर खोचून
ज्वारीची पोती माळ्यावर.
हे ओवेनला सांगितलं तेव्हा
त्याने वहीत लिहिलं: 'जड सामान आधी.'
ओटीचं नाही लिहिलं काही.
असू दे.

नोव्हेंबरात, पहाटे चारला
भोंगा वाजला, तो खरा.
घड्याळ कुणीच लावलं नव्हतं.
पाणी आलं ते नदीकडून नाही,
गटाराच्या झाकणातून, आमच्या मागून.
हे एकाही सोमवारी आम्हाला सुचलं नव्हतं.
ताईत भिजले, शाई उतरली,
चार काय नि नऊ काय, सगळे निळे.
पण पायांना पाठ होतं
कुणाची पायरी फुटकी आहे, कुणाचं दार उचलून ढकलावं लागतं.
मिसेस सटक्लिफ जिन्यावर बसलेली,
नाइटगाउनवर कोट, मांडीवर इन्सुलिन.
"उशीर केलास," म्हणाली.

सोळा नंबरच्या क्रॅबट्रीने किल्ली दिली नव्हती कधीच.
"माझं मी बघेन."
त्याने बघितलं. दोन दिवस, वरच्या खिडकीतून.
शकूरने त्याला दोरीला बादली बांधून
भात पाठवला, मेणबत्त्या पाठवल्या.
बादली रिकामी परत आली, धुतलेली.

पाणी एका रात्रीत गेलं.
ओल ईस्टरपर्यंत राहिली.
गल्लीभर कचऱ्याचे लोखंडी हौद,
त्यांत गालिचे, गाद्या, कुणाचा तरी पियानो,
आणि घराघरांत हवा सुकवणारी यंत्रं,
रात्रंदिवस घुमणारी.
विम्याचा माणूस भिंतीला सुई टोचून आकडा वाचायचा
आणि माणसं त्याच्या चेहऱ्याकडे बघायची,
डॉक्टरकडे बघावं तशी.

नऊ नंबरवाले परत आलेच नाहीत.
लेकीकडे राहतात, लीड्सला.
नव्या माणसाने कुलूप बदललं.
जुनी किल्ली डब्यात आहे अजून.
ती काहीच उघडत नाही.

एका रविवारी मी नारळ आणला,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वर किमतीची चिकटी.
पुलावर गेले.
शकूर दुकान उघडत होता, त्याने पाहिलं
आणि शटरशी उगाच खटपट करत राहिला.

शाईवर माझा विश्वास उरला नाही.
शिलाईचं दुकान माझं, चिंध्या भरपूर;
आता प्रत्येक आकडा
दोऱ्याने काढलाय, लाल, दुहेरी.
ओवेन म्हणाला, इतर गावांनाही सांगतो हे.
या वेळी वहीत लिहिलंही.

जूनमध्ये क्रॅबट्री आला.
पँट आखूड करायची होती, म्हणाला,
आणि काही न बोलता गेला.
खिशात किल्ली होती.
तिला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला:
'सोळा. मी वर असेन.
दोनदा हाक मार, पहिल्या हाकेला मी ओ देत नाही.'
अक्षर पेन्सिलीचं.
पेन्सिल पाण्यात पसरत नाही
हे त्याला माहीत होतं.